हत्याराची अंघोळ

चाप पुन्हा अडकला. वसंतरावांनी जोर लावून पाहिला, गोडीगुलाबीनं पाहिलं, शेवटी एक सणसणीत शिवी हासडून पाहिली. आजोबांचं रिव्हॉल्व्हर ढिम्म हललं नाही. गोळ्यांची चक्रीसुद्धा जागच्या जागी रुतून बसली होती. मागच्याच महिन्यात त्यांनी ते पुरतं खोलून, पुसून, तेल देऊन जोडलं होतं. तेव्हा कसं लोण्यासारखं चाललं होतं! आता ये रे माझ्या मागल्या.

वसंतराव काही नवशिके नव्हते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर जुन्या रिव्हॉल्व्हरचा नाद लागला, तोही रीतसर परवाना काढून. इंदापूरच्या एका घराण्याकडून गंजून गेलेलं बेल्जियमचं रिव्हॉल्व्हर त्यांनी आणलं आणि असं लखलखीत केलं, की त्यात बघून मिशीला पीळ द्यावा. परक्याचं हत्यार सुधारलं, घरचं मात्र वळणावर येईना.

आणि चालायला हवं होतं ते घरचंच. पिंपळीच्या पलीकडं त्यांची वाडी. वाडीच्या यात्रेत भैरवनाथाची पालखी उठायची ती याच हत्याराच्या बारावर. मान हत्याराचा होता, दुसरं कुठलं चालत नसे. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या घटकेला सगळे पालखीकडं बघत. पण आबांच्या, म्हणजे वसंतरावांच्या वडिलांच्या हयातीतच एका यात्रेनंतर ते अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून सुतळी बॉम्बवर भागत आलं होतं. आता चुलतभाऊ गोकुळनं सगळ्या वाडीला सांगून टाकलं होतं, की यंदा बार निघाला नाही तर हत्यार मुकं झालं म्हणायचं आणि मान माझ्या बंदुकीला द्यायचा. रस्त्यात भेटला की विचारायचा, "दादा, आजोबांचं इंजिन सुरू झालं का?" वसंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांनी पुन्हा खोलाखोल केली. पुन्हा जोडलं, चालवून पाहिलं आणि देवघरातल्या कपाटात ठेवलं. किल्ली नेहमीसारखी आईच्या कमरेला गेली.

मग अमावास्या आली. वीज गेली म्हणून वसंतराव डाळिंबाच्या बागेतून लवकर परतले आणि देवघराच्या दारातच थबकले. ठमाबाई, त्यांची आई, पाटावर बसल्या होत्या. समोर तबकात रिव्हॉल्व्हर. म्हातारी वाटीतलं पंचामृत सावकाश नळीत ओतत होती. नळी झाली, मग चक्रीतलं एकेक भोक झालं, मग चापाची फट. दूध, दही, तूप, मध आणि वर साखर!

"आई! ह्ये काय चालवलंयस?"

"अवस हाय. दर अवसेला करती मी. देवाचं हत्यार हाय, त्याला अंघुळ नको व्हय?"

"मग वरनं घाल की! आत कशाला वततीस? समदं चिकटून बसतंय. मी हितं डोकं आपटून घ्यायलोय, आन् तू..."

ठमाबाईंनी वाटीतला शेवटचा थेंबसुद्धा आत सोडला. "आतनंबी न्हायला पायजेल," एवढंच त्या म्हणाल्या.

आता जन्मदात्या आईला काय बोलणार! बोलले असते तरी पालथ्या घड्यावर पाणी. वसंतरावांनी हत्यार उचललं, किल्ली मागून घेतली आणि ओसरीवर बसून कढत पाण्यानं सगळा चिकटा धुऊन काढला. यात्रेपर्यंत रिव्हॉल्व्हर त्यांनी आईच्या हाताला लागू दिलं नाही.

यात्रेच्या दिवशी हलगी कडाडत होती. पालखीला खांदे लागले. वसंतराव हत्यार घेऊन पुढं झाले, तर गोकुळ नेमका समोर उभा.

"दादा, सुतळी बॉम्ब आणलाय बरं का," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "आबांची लाज त्यानंच राखली. तुमचीबी राखंल."

लोक खदखदा हसले आणि पालखीकडं वळले. वसंतरावांच्या मनात साचलेला सगळा राग एकदम उसळून आला. गोकुळनं आबांचं नाव घ्यायला नको होतं. आभाळाकडं धरायचा हात कधी खाली आला ते त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा नळीच्या पुढं गोकुळच्या सदऱ्याचं बटण होतं आणि चाप मागं सरकत होता. लोण्यासारखा. कुठंही अडकत नव्हता.

त्यांनी हात कसाबसा वर झटकला. धाडकन बार झाला. चांगभलंचा गजर उठला, गुलाल उधळला, पालखी उठली. पोरांनी वसंतरावांना खांद्यावर घेतलं. गोकुळ गुलालात पांढराफटक पडून उभा होता, आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या ठमाबाई एकटक लेकाकडं बघत होत्या. त्या दिवशी वसंतरावांना जेवण गेलं नाही.

पुढच्या अमावास्येला त्यांनी स्वतःच रिव्हॉल्व्हर आणून आईपुढच्या तबकात ठेवलं. शेजारी कपाटाची किल्ली ठेवली. आईच्या नजरेला नजर देणं काही जमलं नाही.

"आई, पंचामृत जरा सढळ हातानं घाल," ते म्हणाले. "आतनंबी."

ठमाबाईंनी वाटीत आणखी एक चमचा मध सोडला आणि नळी हातात घेतली.

"तुझ्या आबांनीबी," त्या म्हणाल्या, "यात्रेवरनं आल्यावर मला असंच सांगितलं हुतं."