नवं की नवं केलेलं

बॅलरॅटच्या कॅफेत क्लाइव्ह केव्हाचा नोएलीनला समजावत होता. "अगं, भाड्याने द्यायला घर घ्यायचं तर कोरं घ्यावं. ओव्हन, गालिचे, पडदे दरवर्षी झिजतात आणि त्या झिजेपोटी आपल्याला करात सूट मिळते. जुनं घर मालकाने कितीही सजवून विकू दे, त्याने वापरलेल्या ओव्हनवर आपल्याला छदामही मिळत नाही."

"नव्यासारखा चकाकत असला तरी?"

"तरी! चकाकीला कोण विचारतं? आधी कोणी वापरलाय का, एवढंच बघायचं."

आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या नोएलीनने गुणी विद्यार्थिनीसारखी मान डोलावली. मग क्लाइव्ह दुखरा गुडघा सांभाळत खाली टेकला आणि त्याने डबी उघडली.

"नोएलीन, माझ्याशी लग्न करशील?"

तिने चष्मा लावून अंगठी हातात घेऊन न्याहाळली. हिरा लखलखत होता. आतल्या बाजूला मात्र त्याच्या घटस्फोटित बायकोचं, ग्लेंडाचं, कोरलेलं नाव पुरतं घासलं गेलं नव्हतं.

नोएलीनने अंगठी परत डबीत घातली आणि डबी मिटून त्याच्या हातात ठेवली.



"चकाकतेय छान, क्लाइव्ह. पण आधी ग्लेंडाने वापरलीय. आणि तुलासुद्धा."