एफ-टूची कळ

सत्त्याऐंशी साली मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत नवाकोरा कॉम्प्युटर आला. पडद्यावर होडीचं नाव आलं की खाली तीन बटणं दिसत: निघाली, परतली, रद्द. बाणाची कळ दाबत दाबत तिथवर जाण्यात वेळ जाई, म्हणून कॉम्प्युटर बसवायला आलेला भास्कर मुळ्ये त्या दुपारी एकेका बटणाला एकेक कळ जोडत बसला होता. एफ-वन, एफ-टू, एफ-थ्री.

‘भगवती’ होडी वादळानंतर आलीच नव्हती. तिला रद्द करा, असं चेअरमननी सांगून ठेवलं होतं. भास्करने चाचणीला तीच घेतली.

“नको हो साहेब,” कारकून काशीराम म्हणाला. “माझा सदू हाय तिच्यावर.” धाकट्या भावाचं नाव घेतलं की तो अजून दाराकडे बघायचा.

भास्करचा हात एफ-थ्रीवर थबकला. तेवढ्यात शेजारची एफ-टू आपोआप खाली गेली, वर आली. पडद्यावर ‘परतली’ दबलं, सुटलं. पुन्हा दबलं.

भास्करने मेन स्विच पाडला. पडदा काळा झाला. कळ मात्र खालीवर होतच राहिली, दमलेल्या माणसाने दार ठोठावावं तशी. तिच्या कडेने पाणी झिरपू लागलं.

“आलास रे बाबा!” काशीरामने हसत कळीवर बोट टेकवलं.

कळ खाली गेली ती वर आलीच नाही. काशीरामने बोट ओढून बघितलं, सुटेना. पुन्हा ओढून बघितलं. हसू ओठांवर तसंच राहिलं.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “सदू येत नाय हो. मला ओढतोय.”