तिळाचं कडं

साजिदाने कणकेच्या दोन लांब वळ्या एकमेकींभोवती पिळायला घेतल्या, तेव्हा जाफरने नजर खाली वळवली. मुलीकडे टक लावून पाहणे बरे नव्हे. पण अंगणातल्या भट्टीपाशी चाललेले ते हात सोडून त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

चेहरा त्याने आज प्रथमच पाहिला. हात मात्र जणू ओळखीचे होते. दोह्यातल्या त्याच्या खोलीशेजारी राहणारी हजराखाला किनाऱ्यावरच्या अल वक्रा गावाहून येताना ही कणकेची गोल कडी आणी. सिमीत म्हणत त्यांना. खजुराच्या पाकात बुडवून, तिळांत घोळवून भाजलेली. पहिलाच घास घेताना त्याला वाटले, हे कुणातरी आपल्या माणसाच्या हातचे आहे. हर्णै सोडल्यापासून इतके आपलेपण त्याला कुठेच भेटले नव्हते. तेल कंपनीत कारकुनी करणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा जाफर एके दिवशी स्वतःहून म्हणाला, "खाला, ही कडी करणारीशी माझं जमवा."

"न पाहताच?" खाला हसली होती. "भाकरीशी निकाह लावतोस काय रे?"

मुलीचा बाप दर्यावर्दी होता, गेल्या रमजानात वारला, एवढेच खालाला ठाऊक होते. सारे वक्रा त्याला अबू साजिदा, म्हणजे साजिदाचा बाप, एवढेच म्हणे. मागे उरल्या होत्या त्या या मायलेकी.

आज निर्णयाचा दिवस होता. या घरची रीत साधी होती. मुलीने सर्वांसमक्ष कडे भाजायचे. मुलाने ते तोडून अर्धे तिच्या आईच्या हाती द्यायचे. तोडले की होकार.

"माझे वडील तुर्की शिपाई," आई आबिदा मोडक्या हिंदुस्तानीत सांगत होती. "फौज गेली, ते इथेच राहिले. सिमीत त्यांनी मला शिकवलं, मी हिला. पण टोकं मी तळव्याखाली दाबून जोडते. हिचा जोड बघा, बापावर गेलीय."

जाफरने पाहिले. साजिदाने पिळाची दोन्ही टोके उकलली. एका टोकाची वळी दुसऱ्याच्या पोटाखालून काढली, दुसऱ्याची पहिल्याच्या, जसा खलाशी तुटलेला दोर सांधतो. तेही डाव्या हाताने. मग जोडावर अंगठा दाबून ती स्वतःशीच पुटपुटली,

"दर्या आतला तरी तू सुतू नको."

भट्टीतला निखारा तडकला. जाफरच्या हातातली कॉफी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. चटका त्याला जाणवलाच नाही.

"हे... हे काय म्हणाली ही?"

आबिदाने मुलीला अरबीत विचारले. साजिदा लाजून हसली आणि हळूच काही बोलली.

"तिला अर्थ माहीत नाही," आबिदा म्हणाली. "तिचे अब्बा दोर सांधताना असंच म्हणायचे. जोड सुटत नाही म्हणे."

जाफर कुठल्या कुठे गेला. हर्णैच्या बंदरात, ओल्या वाळूवर, तो बाबाच्या मांडीशी बसला होता. बाबाचा डावा हात काथ्याच्या दोरात फिरत होता. दर्या आटला तरी तू सुटू नको. ते शब्द कुठल्या गाण्यातले नव्हते, गावातला दुसरा कुणी खलाशी ते म्हणत नव्हता. ते बाबाचे स्वतःचे होते. आणि ही अरबी मुलगी त्यातला ट जिभेवर न पेलल्याने त मध्ये बुडवून ते जसेच्या तसे म्हणत होती.

बाबाचे गलबत आखातात फुटल्याची खबर आली, तेव्हा जाफर शाळेतही जात नव्हता. मांने त्याच दिवशी बांगड्या उतरवल्या. ज्या माणसासाठी तिचे मनगट एवढी वर्षे उघडे होते, तो गेल्या रमजानापर्यंत या अंगणात दोर सांधत बसला होता.

कडे भाजून निघाले. आबिदाने ते वाफाळतेच थाळीत त्याच्यापुढे ठेवले. तिळांखाली जोड आता दिसत नव्हता. साजिदा ओढणीआड उभी होती.

"यल्ला, तोड की!" खालाने त्याला कोपराने ढोसले. "ह्यासाठी दोह्यापासून धूळ खात आलास ना?"

त्याने कडे उचलले. जिथे जोड असावा तिथे अंगठा फिरवला. मग ते न तोडता, अखंड, दोन्ही हातांनी थाळीत परत ठेवले.

"खाला," तो म्हणाला, "यांना विचारा, कबर कुठे आहे. मला बाबासाठी फातिहा पढायचाय."