साहेबांचा फेडर

“आठवा कशाला जोडू?” कोरिनाने विचारलं.

“कशालाच नको,” मर्ल म्हणाला. “तो साहेबांचा.”

सकाळपासून दोघं त्या नव्या बोर्डाशी झटत होती. आवाज कमीजास्त करायला बोटाने वरखाली सरकवायचे आठ फेडर, पण बोर्डाला स्वतःची अक्कल शून्य. कुठला फेडर म्हणजे ड्रम, कुठला म्हणजे गिटार, हे एकेक करून कॉम्प्युटरला शिकवावं लागत होतं. मर्लला या सगळ्याचा वीट आला होता. त्याचा जुना मिक्सर एकतीस वर्षं चालला आणि गेल्या महिन्यात त्याने मान टाकली.

आठव्या फेडरची गंमत नॅशव्हिलमधल्या स्टुडिओवाल्यांना नवी नव्हती. कंपनीचा साहेब गाणं ऐकायला आला की त्याला कुठेतरी बोट घालायचंच असतं. मग त्याच्या हाताशी एक न जोडलेला फेडर द्यायचा. साहेब तो जरासा सरकवतो, मान डोलावतो आणि समाधानाने घरी जातो. या फेडरच्या जिवावर मर्लने निम्मं आयुष्य सुखात काढलं होतं.

“साहेबांना असं खेळवायचा कंटाळा नाही येत, बॉस?”

“येतो ना. म्हणून तर फेडर ठेवतो. नाहीतर त्यांच्याशी बोलत बसावं लागतं.”

कोरिना हसली. नऊ वर्षं ती त्याच्या हाताखाली होती. हल्ली ती कायम त्याच्या डावीकडेच खुर्ची ओढून बसायची. मर्लला ते सोयीचंच होतं. उजव्या कानाने त्याला वर्षभर नीट ऐकू येत नव्हतं, आणि आता डाव्यातूनही बारीक, वरचे स्वर निसटू लागले होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला या गावात गाणं कोण देईल? आज कंपनीच्या प्रुइटसाहेबांनी हे एक गाणं पास केलं की गायिका डेल्फीनच्या अख्ख्या अल्बमचं काम मिळणार होतं. मर्लला सदुसष्टावं चालू होतं. हे हुकलं की संपलंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जोडणी झाली. मर्लने ड्रमचा फेडर खाली ओढला, ड्रम बंद. गिटारचा ओढला, गिटार बंद. सातवा डेल्फीनच्या आवाजाचा, तोही चोख.

“तुम्ही जरा पडा,” कोरिना म्हणाली. “मी एवढं सेव्ह करून ठेवते.”

सोफ्यावर त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती लगबगीने शिट्टीची किटली शेगडीवरून उतरवत होती. अर्धं पाणी आटून गेलं होतं.

“मला हाक मारायचीस की,” मर्ल म्हणाला.

“असू द्या,” ती म्हणाली.

प्रुइट तीनला आला आणि उजवीकडच्या खुर्चीत बसला. मर्लने नेहमीप्रमाणे मोठा स्क्रीन बंद केला. गाणं कानांनी बघायचं, डोळ्यांनी नाही, हा त्याचा जुना हट्ट. कोरिना मागे कॉम्प्युटरला जोडलेला लॅपटॉप घेऊन नोंदी करत बसली.

गाणं सुरू झालं. मर्लची बोटं फिरू लागली. ड्रम केसभर खाली, पियानो केसभर वर. शेवटचा हात केसभराचाच असतो, जास्त सरकवतो तो कच्चा, असं तो कोरिनाला नऊ वर्षं बजावत आला होता. मागे लॅपटॉपची बटणं हलकेच वाजत होती.

“हिचा आवाज जरा दबलाय का हो?” प्रुइटने विचारलं.

आलं बोट, मर्ल मनात म्हणाला. “तुमच्यासमोरचा तो शेवटचा घ्या. तुम्हीच बघा.”

प्रुइटने एकदा कोरिनाकडे पाहिलं. मग आठवा फेडर थोडा वर सरकवला.

“आता कसं,” तो म्हणाला. “शब्द न् शब्द कळतोय.”

“कान तयार आहे तुमचा.” मर्लने कोरिनाला डोळा मारला. ती मान खाली घालून लिहीत होती.

गाणं पास झालं. “अल्बम तुमचाच,” प्रुइटने मर्लचा हात हातात घेतला. निघताना दारात त्याने कोरिनाचाही हात धरला, जरा जास्तच वेळ.

“मी कोपऱ्यावरून चिकन आणते,” ती म्हणाली. “तिखटातलं. आज पथ्य नको.”

ती गेली आणि मर्ल खुर्चीत मागे रेलला. अंग आंबलं होतं, पण वर्षभराची धास्ती उतरली होती. अजून जमतं आपल्याला. त्याने गाणं पुन्हा लावलं आणि गंमत म्हणून साहेबांचा फेडर तळापर्यंत ओढला.

डेल्फीनचा आवाज गेला.

मर्ल बोर्डावर वाकला. मग त्याने ड्रमचा फेडर खाली ओढला. मग गिटारचा. मग पियानोचा. एकेक करून सातही फेडर तळाला टेकले.

ड्रम, गिटार, पियानो, सगळं वाजत होतं, केसभरही कमी न होता.