पुलापुढचा चढ

सगळा सप्टेंबर ताइस्तो आपल्या जुन्या स्टेशन वॅगनखाली आडवा पडून होता. मागच्या स्प्रिंगा बदलून त्यानं गाडी चार बोटं उचलली, खिळ्यांची टायरं चढवली, इंजिन गोठू नये म्हणून हीटर बसवला, मागच्या चाकांवर भार यावा म्हणून डिकीत वाळूची पोती रचली. शेजारचा उर्हो रोज कुंपणापाशी येऊन बघून जायचा. लॅपलँडातला पहिला बर्फ भुरभुरला त्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही.

"म्हाताऱ्या, हे गेल्या वर्षी केलं असतंस तर?"

गेल्या जानेवारीत बायकोला, आउनेला, डायलिसिसला नेताना हीच गाडी पुलापुढच्या चढावर रुतली होती. आधीची एक खेप वादळात हुकलेली. मदत पोचायला पाच तास लागले, आणि आउने ताइस्तोच्या शेजारच्या सीटवरच गेली.

बोलून गेल्यावर उर्हो वरमला. "तसं नाही रे. पण आता कुणासाठी? तू तर दुकानातही पायी जातोस."

ताइस्तोनं हात पुसले आणि किल्ली कुंपणावरून पुढे केली.

"तुझी लेंपी ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली होती, आउनेचं कसं कसं झालं ते विचारायला. तिच्याही किडन्या गेल्यात. सोमवारपासून तिथंच डायलिसिसला जायचंय. तुला सांगायचा धीर होत नाहीये तिला."

उर्होनं वळून आपल्या घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची बायको लेंपी केव्हाची उभी होती.