रजयांच्या खोलीतली बाई

नटाच्या बायकोने दाराला कान लावला आणि श्वास रोखला. आत एक बाई बोलत होती.

खोली खरं तर अडगळीची. नटाने भिंतींना जुन्या रजया ठोकून तिचा घरगुती स्टुडिओ केला होता. बाहेरचा गोंगाट आत जात नसे, पण दाराच्या फटीशी उभं राहिलं की आतलं ऐकू येई.

"मी कुणाला काही म्हणते का?" बाई आत म्हणत होती आणि पुढे बरंच काही म्हणत होती. आवाज कर्कश, पायऱ्या चढाव्यात तसा चढत जाणारा आणि शेवटी नाकात शिरणारा. आपल्या नवऱ्याला निदान जरा बऱ्या आवाजाची बाई मिळायला हरकत नव्हती, असं बायकोला वाटून गेलं.

नट म्हणजे काही पोस्टरवरचा नट नव्हे. एका मालिकेत तो मेला आणि पुढे त्याच मालिकेत स्वतःच्या खुनाचा तपास करायला इन्स्पेक्टर होऊन आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आवाजांचं तर विचारूच नका. लिफ्ट तो होता, पोटदुखीची गोळी तो होता, कार्टूनमधला हत्तीही तोच. प्रत्येक आवाज कुणा ना कुणा ओळखीच्या माणसाकडून उचललेला. मूळ मालकाला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही, हा त्याचा नेम. कळलं की माणूस जपून बोलायला लागतो. हत्ती त्याने बायकोच्या मामांकडून घेतला होता. मामांनी सिनेमा बघितला, ते पुन्हा यांच्याकडे आले नाहीत.

बायकोची एकच प्रौढी होती: नवऱ्याने कुणाचाही आवाज काढो, ती ओळखते. मामांना तर तिने पहिल्याच चीत्काराला ओळखलं होतं. ही बाई मात्र ओळखीची वाटेना. तेव्हा ही नक्कल नव्हती. ही बाईच होती.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत कोण असतं हो?"

"कोण असणार? मी."

"आणि ती बाई?"

"तीही मीच. कार्टूनमधली कावळीण आहे. सबंध सिनेमाभर. एवढं मोठं काम जन्मात मिळालं नव्हतं."

"मग काढून दाखवा तो आवाज."

नटाने घास गरजेपेक्षा जास्त चावला. "आत्ता नको."

"मग कधी?"

"काम पुरं होऊ दे." मग जरा विचार करून म्हणाला, "खरं तर तेव्हाही नको."

हत्ती त्याने भर लग्नात माइक मागून घेऊन ऐकवला होता.

हल्ली त्याचं वागणंही बदललं होतं. ओला टॉवेल मुद्दाम टाकल्यासारखा पलंगावर. ती बोलायला लागली की हा उलट बोलत नसे. डोळे मिटून, मान डोलवत शेवटपर्यंत ऐकून घेई. एवढं ऐकून घेणारा नवरा निर्दोष असूच शकत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने वॉचमनला गाठलं. "दुपारी आमच्याकडे कोण बाई येते?"

"तुमच्याशिवाय कुणी नाही, ताई."

म्हणजे त्यालाही फितवलं होतं.

तिने आईला फोन लावला. "आई, मी तुझ्याकडे राहायला येतेय. कायमची."

"आधी पुरावा. दिसायला कशी आहे?"

"दिसली नाही अजून. नुसती ऐकलीय. हे बघ, अशी बोलते." तिने बाईचा आवाज काढून दाखवला.

आई म्हणाली, "तुला नक्कल कधी जमलीच नाही बघ. तुझाच आवाज येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई हजर झाली. बायकोने बॅग भरून ठेवली होती.

"तू स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी थांब," ती कुजबुजली. "ती तिकडून पळेल."

"पळू दे की. गेली तर बरंच."

"आई."

आई स्टूल घेऊन मागच्या दाराशी बसली. उभ्याने पहारा करण्याचं तिचं वय नव्हतं.

आत बाईचा आवाज चढू लागला. बायकोने दार ढकललं.

रजया, दिवा, माइक. कानांवर हेडफोन चढवून, दाराकडे पाठ करून नट एकटाच उभा होता. टेबलाखाली कुणी नाही, दाराआड कुणी नाही. तिचे डोळे भरून आले. बॅग उपसायला हवी होती, वॉचमनशी नीट बोलायला हवं होतं. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. ज्या कुणा बाईचा हा आवाज त्याने उचलला होता, तिच्या घरच्यांची दयाही आली.

नटाने छाती भरून श्वास घेतला आणि कावळीण कडाडली, "घरात कुणाला ऐकू येतं की नाही? केव्हाची पाणी मागतेय मी."

बायको तोंड मिटून उभी होती.

"आणते गं बाई," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "केकाटतेस काय? एवढीशी होतीस तेव्हापासून तुझं हेच."