छत्तीस वर्षं जाम

पिस्टन तसूभरही हलेना. मिस्त्रीने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा आणखी एक घाव घातला, कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"चार दिवस डिझेलमध्ये भिजतंय, तरी रुसलेलंच."

"छत्तीस वर्षांचा रुसवा आहे बाबा," स्टुलावरचे काका म्हणाले. "चार दिवसांत कसा जाईल?"

मोटरसायकल काकांची. सत्तरी उलटली होती, हात थरथरायचे, पण डोळे मिटण्याआधी तिचा आवाज एकदा ऐकायचाच, हा हट्ट त्यांनी धरला होता. गॅरेजमध्ये त्यांना स्वस्थ बसवत नसे. दारात कुणाचीही गाडी लागली की ते आधी तिच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून बघत. गाडीवाले गोंधळून मिस्त्रीकडे पाहत आणि मिस्त्री डोळ्यांनीच "चालू द्या" म्हणे.

काकू रोज डबा घेऊन येत. डबा निव्वळ निमित्त होता. पहिल्या दिवशी ताप आल्यामुळे त्यांचं येणं हुकलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. पिस्टन सुटेल तेव्हा त्यांना तिथे हजर राहायचं होतं.

मिस्त्री मात्र गाडीवर भाळला होता. रॉकेलने धुतलेला एकेक भाग तो काकूंच्या तळहातावर ठेवायचा.

"हे गिअरचे दाते बघा काकू. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण हे काल कापल्यासारखे आहेत. कोण माणसं असतील ही! आतला भाग कुणी बघणार नाही, तरी केवढं घासून ठेवलंय."

काकू बघत राहायच्या. ज्या गाडीवर त्यांनी इतकी वर्षं ओले टॉवेल वाळत घातले, तिच्या पोटात असं काही असेल, हे त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्या थक्क व्हायच्या आणि लगेच तो भाग फडक्यावर परत ठेवून द्यायच्या.

जुना पिस्टन निघाला तरी परत चालायचा नाही, हे धरूनच मिस्त्रीने नव्याचा शोध सुरू केला होता. अकरा दुकानांनी त्याला हसून वाटेला लावलं. शेवटी तीन तासांवरच्या गावात एक म्हातारा दुकानदार भेटला. त्याने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. आत मेणकागदात गुंडाळलेल्या, हात न लागलेल्या पिस्टनच्या रिंगा होत्या. "कुणीतरी येईल म्हणून ठेवल्या होत्या," एवढंच तो म्हणाला. पिस्टन त्याच्याकडेही नव्हता. मिस्त्रीने पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचा पिस्टन उचलला आणि लेथवर तासून मापात आणला. लेथवाल्याने दोनदा माप घेतलं आणि चक्क टोपी काढली.

त्या दुपारी काका गॅस्केट कापून आणायला बाहेर पडले. काकूंनी ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाट पाहिली.

"मिस्त्री, इंजिन कशामुळे जाम झालं, ते आत बघून कळतं?"

"कळतं की."

"मग कळलं तरी यांना सांगू नका. पाया पडते."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "असं का म्हणता काकू?"

काकूंचा आवाज खाली गेला. "यांच्या खिशात एक चिठ्ठी सापडली होती मला. दुसऱ्या बाईची. कामासाठी आठवडाभर जातो म्हणाले, पण बॅगेत सगळे कपडे भरले होते. आठवड्यासाठी कोण स्वेटर नेतं? पहाटे मी उठले, इंजिनाखालचा बोल्ट सोडला, सगळं तेल बादलीत काढलं आणि मोरीत ओतलं. बोल्ट परत आवळून ठेवला. हत्यारं मीच पुसून ठेवायचे, तेवढं येत होतं मला."

मिस्त्रीने चमकून इंजिनाच्या तळाकडे पाहिलं.

"दुपारी आले परत. नदीच्या पुलापलीकडून, सगळा चढ, दोन तास उन्हात गाडी ढकलत. हाताची सालं निघाली होती. इंजिन जाम झालं म्हणाले आणि बॅग खाली ठेवली. परत कधी गेले नाहीत. दुसरी गाडीही घेतली नाही." काकूंनी पदराने डोळे टिपले. "लोक म्हणतात, काय जोडी आहे. पण मी धरून ठेवलं म्हणून राहिले ते. आपणहून नाही राहिले. हे त्यांना या वयात कळलं, तर मी कुठल्या तोंडानं समोर बसू?"

मिस्त्रीने बर्नर पेटवला आणि सिलिंडरला चहूबाजूंनी शेक दिला. मग ठोकळा ठेवून एक बेताचा घाव घातला. आतून कुरकुर झाली. दुसऱ्या घावाला पिस्टन सुटला.

त्याने सिलिंडर फडक्यात धरला, उजेडात नेला आणि आत बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत. काकूंना धीर धरवेना.

"दिसतंय ना? माझंच पाप आहे ना ते?"

"इकडे या काकू. बोट घाला आत, घाबरू नका. तेलाशिवाय पळालेल्या इंजिनला उभे ओरखडे पडतात, नखाला लागतात असे. लागतोय एखादा?"

काकूंनी बोट फिरवलं. एका जागी गंजाचं खरखरीत कडं होतं. बाकी सगळं काचेसारखं गुळगुळीत होतं.

"नाही लागत."

"हे कडं पडलं ते नुसतं उभं राहून. पावसाळ्यांच्या ओलीनं." मिस्त्रीने इंजिनाच्या तळाकडे बोट दाखवलं. "आणि तळातलं तेल मी पहिल्याच दिवशी काढलं. पार डांबर झालं होतं, पण माप पुरेपूर भरलं."

"पण मी तर सगळं मोरीत ओतलं होतं."

"मग निघण्याआधी ते कुणीतरी परत भरलं. काकांनी चढावरून ढकलत आणली ना, तेव्हा ही गाडी एका किकमध्ये चालू झाली असती काकू."